फुटबॉलचं स्थळ

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि माझी नात सोळाची. ती दहावी पास झाली त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता, पोरीला अकरावीला कुठं घालायचं. नुसतं शिकायचं असतं तर सवालच नव्हता. जिंतूरला कॉलेज आहे, एसटी दाराशी येते. पण तिला फुटबॉल खेळायचा होता, आणि तोही गावच्या पोरांसारखा नाही. पुढं कॉलेजच्या टीमकडून खेळायचं, आणि देवानं दिलं तर विद्यापीठाच्या. त्यासाठी अकरावी-बारावीची दोन वर्षं कुठं काढायची यावर सगळं अवलंबून होतं. जागा चुकली की पोरगी मागं राहणार.

मी तिसरी शिकलेला माणूस. पण माझ्या घरात कुणाला कुठं पाठवायचं हे आजवर मीच ठरवत आलोय. तीन लेकी दिल्या, तिघींची घरं मीच बघितली, तिघी सुखात आहेत. तेव्हा नातीचं कॉलेज माझ्याशिवाय दुसरा कोण ठरवणार?

आमचं गाव येलदरी धरणाच्या अंगाला. पॉवर हाऊसच्या कॉलनीत एक ग्राउंड आहे, तिथं नोकरीवाल्यांची पोरं खेळायची. नात दहा वर्षांची असताना म्हैस हुडकत तिकडं गेली. बॉल घरंगळत तिच्या पायाशी आला, तिनं तो डाव्या पायानं परत मारला. तो सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या बाभळीत जाऊन पडला. म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी आली, पोरगी मात्र अंधार पडल्यावर. लहानपणी ती डाव्या हातानं जेवायची म्हणून बायकोनं तिच्या हाताला फडकं बांधून ती सवय मोडून काढली होती. पायाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, ते बरं झालं.

पुढं जिंतूरच्या शाळेत खेळाच्या मॅडमनी तिला धरलं. परभणीला जिल्ह्याची मॅच होती तेव्हा मी पहिल्यांदा बघायला गेलो. आमच्या काळात कुस्ती आणि कबड्डी. फुटबॉलमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं. बॉल आपल्याकडं आला की आपणच न्यावा एवढं मला समजत होतं, आणि ही तर आला की दुसरीला द्यायची. मी तारेच्या कुंपणाबाहेरून ओरडत होतो, "अगं देतीस कशाला? तुझा हाय ना?" शेवटी पंच शिट्टी वाजवत माझ्याकडं आला. नात नंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, आबा, पुढच्या मॅचला या, पण तोंडात पान ठेवून या.

तर दहावी झाल्यावर मॅडमनी एक कॉलेज सुचवलं, संभाजीनगरचं. म्हणाल्या, तिथं कॉलेजला मुलींची टीम आहे आणि अकरावीच्या मुलीही मोठ्या मुलींबरोबर उतरतात. मी म्हटलं, बघू. कारण माझ्या मनात दुसरंच होतं. लेकानं मोबाईलवर पुण्याच्या एका अकॅडमीचा पिक्चर दाखवला होता. ऐन मे महिन्यात तिथं हिरवंगार गवत, रात्री दिवे लावून खेळणारी पोरं, सगळ्यांच्या अंगात सारखे कपडे. माझ्या नातीचा डावा पाय असल्या गवतावर पडायला पाहिजे, असं माझं ठरलं. माझं ठरलं की घरात चर्चा बंद, ही आमच्या घरची पद्धत. पद्धत मीच पाडलेली आहे.

पण बघितल्याशिवाय पोर कुठं देणार? आमच्यात स्थळ बघायला जायची एक रीत आहे. दिवाणखाना बघायचा नाही, तो सगळेच सजवतात. आधी गोठा बघायचा. ज्या घरची जनावरं हाडकलेली, तिथं सुनेच्या ताटात काय पडणार? मग घरात जी आधीची सून असेल तिला पाणी मागायचं. ती तांब्या कसा ठेवते, मान वर करते का, सासूकडं बघून बोलते का, यावरून सगळं कळतं. ही विद्या मला माझ्या चुलत्यानं दिली. त्या विद्येवर मी तीन लेकी दिल्या.

पुण्याला जाताना नातीबरोबर मी मेव्हण्यालाही घेतलं. स्थळ बघायला एकट्यानं जात नाहीत. दोघांनी धुवट धोतर, डोक्याला रुमाल. नातीनं आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "आबा, माझं लगीन ठरवायला जायलाव का?"

मेव्हणा म्हणाला, "बॉलसंगं." आणि जिंतूरपासून परभणीपर्यंत स्वतःच्याच विनोदावर हसत बसला.

अकॅडमी मोबाईलमध्ये दिसली त्याहून थोर निघाली. फाटकावर शिपाई, आत फुलझाडं, खोली अशी थंड की मेव्हण्यानं रुमाल कानावर ओढला. तिथला मॅनेजर तरणा माणूस, सदरा इस्त्रीचा, बोलणं लोण्यासारखं. मी त्याला म्हटलं, माझी शिवपूजा राहिलीय, ती झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. आमच्यात गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करतात, त्याला पाच हात जागा आणि थोडी शांतता लागते. प्रवासात कुणी ती देत नाही. या माणसानं आपली मीटिंगची खोली उघडून दिली आणि स्वतः बूट काढून दाराबाहेर उभा राहिला. कुणी आत आलं की त्याला हातानं थांबवायचा.

तिथंच मी पाघळलो. पूजा करून बाहेर आलो तेव्हा माझ्या लेखी ते घर पसंत झालं होतं. गोठा राहिला, पाणी मागायचं राहिलं. नात ग्राउंडकडं गेली होती. मी खुर्चीवर बसलो, चंची सोडली, सुपारी काढली आणि सगळ्यांसमोर अडकित्त्यानं फोडली. अर्धी माझ्या तोंडात टाकली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"आमच्याकडून पक्कं," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि थँक्यू काका म्हणाला. मेव्हणा माझ्याकडं बघतच राहिला. आमच्याकडं सुपारी फुटली म्हणजे सोयरीक झाली. मग आभाळ कोसळलं तरी मागं फिरायचं नाही. फिरलं तर त्या घराण्यात पुन्हा कुणी पोरगी मागायला येत नाही.

परतीच्या गाडीत मेव्हण्यानं नातीला बातमी सांगितली. ती नगर मागं पडल्यावर बोलली.

"आबा, तिथं खेळायलाच मिळत न्हाई."

"काय बोलायलीस? एवढं गवत कशाला लावलंय मंग?"

"गवतावर पोरं खेळतात. पोरी कडंला सराव करतात. मी तिथल्या एका पोरीला इचारलं, शेवटची मॅच कधी खेळलीस. तिला आठवना."

मी म्हटलं, सराव झाला की मॅच येईलच. ती म्हणाली, तिनं हेही विचारलं होतं की इथून पुढं कॉलेजच्या टीममध्ये कुणी मुलगी गेली का. तसलं एकही नाव त्या पोरीला सांगता आलं नाही.

आता गंमत बघा. आधीच्या सुनेला पाणी मागायची माझी विद्या, ती मी विसरलो आणि सोळा वर्षांच्या पोरीनं, कुणी न शिकवता, तेच केलं. पण हे मला तेव्हा बोलता येईना. मी म्हटलं, सुपारी फुटलीय. माझी जबान गेलीय. विषय संपला.

विषय संपला म्हटल्यावर खरा सुरू झाला. नात रडली नाही, भांडली नाही. सकाळ-संध्याकाळ गोठ्याच्या भिंतीवर बॉल मारत बसायची. धप्प, धप्प, धप्प. पहिले दोन दिवस म्हैस बिचकली. नंतर तिला त्या आवाजाची इतकी सवय झाली की बॉल थांबला की ती पान्हा चोरायची. बायको चरवी घेऊन बसायची आणि ओरडायची, "मार गं माय, मार, दूध थांबलंय." मी ओसरीवर बसून ऐकायचो. घरातली म्हैससुद्धा माझ्या विरोधात गेली होती.

आठेक दिवसांनी जिंतूरहून मॅडम स्कुटीवर आल्या. त्यांना मी पुण्याचं सगळं वैभव सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आबा, कॉलेजची टीम निवडताना कुणी गवत विचारत नाही. पोरगी किती मॅच खेळली ते बघतात. दोन वर्षं ती कडेला उभी राहिली, तर बारावीनंतर तिला ओळखणार कोण?"

मला ते पटलं. अगदी आतपर्यंत पटलं. पण मी म्हणालो, "मॅडम, सुपारी फुटलीय."

मॅडम सांगलीकडच्या, आमची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं, मी सुपारी मागतोय. त्यांनी पर्स उघडली. तेव्हा माझी बायको चुलीपासून उठून बाहेर आली. पन्नास वर्षांत ती माझ्या बैठकीत बोलली नव्हती. म्हणजे आतून बोलायची, बाहेर येऊन नाही.

"फुटली हे खरं," ती म्हणाली. "पण खाल्ली कुणी?"

मी म्हटलं, माझी अर्धी मी खाल्ली.

"आन् त्यानं?"

आता आली पंचाईत. मला आठवेना. माझ्या डोळ्यांपुढं त्याचा हात आला, हातावरची अर्धी सुपारी आली, पण तोंड काही येईना. मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, त्यानं टेबलावर ठिवली. मी तवाच बघितलं, पण तुमी एवढ्या तोऱ्यात होतात, कोण बोलणार?"

बायको म्हणाली, दोघांनी खाल्ली तर सोयरीक. एकानं खाल्ली तर नुसतं जेवणानंतरचं तोंड स्वच्छ करणं. तिच्या माहेरी अशीच एक सोयरीक सुटली होती, पंचांनी सोडवली होती. मी म्हटलं, असं अर्ध्या माहितीवर मी मागं फिरणार नाही. त्यानं नंतर खाल्ली असेल तर? माणसाला सोय बघून खायचा हक्क आहे. त्यालाच विचारतो.

लेकानं नंबर लावून दिला. मॅडम, बायको, नात, सगळ्या भोवती उभ्या. मी मॅनेजरला रामराम केला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि म्हणालो, "साहेब, एक खरं सांगा. मी दिलेली सुपारी तुमी खाल्ली का?"

त्यानं मला प्रश्न परत सांगायला लावला. मग तो म्हणाला, "काका, कोणती सुपारी?"

मी सगळं सांगितलं, अडकित्त्यापासून. तो बिचारा घाबरला. म्हणाला, काका, माफ करा, अकॅडमीत सुपारी-तंबाखूला बंदी आहे, टेबल पुसणाऱ्यांनी उचलली असेल, तुम्हाला हवी असेल तर मी दुसरी पाठवून देतो.

घटकाभर मला राग आला. माझी फोडलेली सुपारी झाडूत गेली! मग मागून मॅडमचा आवाज आला, तोंडात पदर कोंबून हसल्याचा, आणि माझाच ताबा सुटला. मी एवढा हसलो की लेकाला मोबाईल माझ्या हातातून काढून घ्यावा लागला. त्या माणसाला माझ्यातर्फे त्यानंच आशीर्वाद दिला. बरा माणूस होता तो. पूजेला जागा दिली हे मी अजून सांगतो चारचौघांत.

"सुटलात," बायको म्हणाली आणि चुलीकडं गेली.

आणि हे ध्यानात घ्या, मी शब्द मोडला नाही. तो त्यांच्याकडून सांडला.

चार दिवसांनी संभाजीनगरला निघालो. नात आणि मेव्हणा बरोबर होतेच. निघताना बायकोनं माझ्या बंडीच्या खिशातून चंची काढून घेतली. म्हणाली, आल्यावर मिळंल.

मॅडमनी सुचवलेल्या त्या कॉलेजला फाटकावर शिपाई नव्हता. ग्राउंड म्हणजे मुरूम, मधे मधे काटेरी चिलारीची बुडखी. गोलची जाळी जागोजाग फाटलेली, सुतळीनं गाठी मारलेली. आमच्या येलदरीला मासे धरणाऱ्या भोयांनी ती बघितली असती तर लाजले असते. माझं मन खट्टू झालं. पण यावेळी मी रीतीनं जायचं ठरवलं होतं. दिवाणखाना बघायचा नाही.

कोच सर साठीला आलेले, गळ्यात शिट्टी, पायात झिजलेल्या चपला. त्यांना म्हणालो, मला पाणी पाहिजे, पण ते तुमच्या टीममधल्या जुन्या पोरीच्या हातचं पाहिजे. ते चक्रावले, पण त्यांनी हाक मारली. गोलकीपर आली. उंच, गुडघे सोललेले, कोपरावर पट्टी. तिनं बाटली माझ्या हातात दिली, माझ्या डोळ्यात बघून नमस्कार केला, आणि तिथंच सरांशी वाद घालायला लागली. काल तुम्ही मला उगाच बदललं, तो गोल मी सोडला नसता, असं. सर म्हणत होते, सोडला असतास. ती म्हणत होती, पैज लावा. परक्या दोन म्हाताऱ्यांसमोर.

मेव्हणा माझ्या कानात म्हणाला, "दाजी, या घरात सुना बोलतात."

मी पाणी प्यालो. गोड होतं.

जेवणाचंही विचारलं. सर म्हणाले, खेळाडूला अंडी लागतात. मी गळ्यातलं लिंग दाखवलं आणि म्हणालो, आमच्या घरात अंडं आलेलं नाही आणि येणार नाही. शेंगदाणे, गूळ, दूध, ज्वारीची भाकरी, जितकं म्हणाल तितकं पोचवतो. सर काही म्हणायच्या आत ती गोलकीपरच बोलली, मीपण माळकरी घरची आहे, आजोबा, डाळ-शेंगदाण्यावर उभी आहे, बघा. उभी होती खरी, दारासारखी.

मग सरांनी नातीला कपडे बदलायला सांगितलं आणि सरळ मोठ्या मुलींच्या मॅचमध्ये उतरवलं. पहिल्याच झटक्याला एका दांडग्या पोरीनं तिला खांद्यानं उडवली. ती मुरमावर घसरत गेली. मी उठलो. मेव्हण्यानं धोतर धरून खाली बसवलं. ती उठली, पुन्हा पडली. पुन्हा उठली. तिचा हिरवा टी-शर्ट मातीचा झाला. मग एकदा बॉल तिच्याकडं आला, डाव्या बाजूला, समोर दोघी. मला वाटलं, आता नेते. तिनं मान वर केली, पलीकडं धावणारी एक पोरगी बघितली आणि त्या दोघींच्या मधून डाव्या पायानं असा सरकवला, जशी बाई पापड न मोडता परातीतून काढते. त्या पोरीनं नुसता पाय लावला. गोल.

मी ओरडलो. काय ओरडलो माहीत आहे? "दिला गं, लय चांगला दिला!" पान तोंडात नव्हतं, मग कोण थांबवणार? गोल केलेल्या पोरीनं आधी माझ्या नातीला उचललं. एकमेकींची नावं माहीत नव्हती अजून. आणि मी तिथं, मुरमाच्या ग्राउंडवर, फुटबॉल कशाला म्हणतात ते शिकलो.

मॅच संपली. नात आमच्याजवळ लिंबाखाली येऊन बसली. कोपर सोललेलं, त्यावर ती फुंकर मारत होती. आमच्यात पोरीला स्थळ पसंत आहे का, हे विचारायची रीत नव्हती. माझ्या लेकींना मी विचारलं नाही. पण त्या दिवशी विचारलं.

"कसं वाटलं?"

"पाडलं आबा मला. लय पाडलं."

"मंग?"

"मंग इथंच."

मी सरांकडं गेलो आणि सांगितलं, पोरगी तुमची. ते म्हणाले, अर्ज भरावा लागेल, दाखले लागतील. ते माझा लेक भरेल, मी म्हटलं. मी फक्त हे सांगायला आलोय की दोन वर्षांत ही तुमच्या कॉलेजच्या टीममध्ये पाहिजे. ते म्हणाले, आजोबा, ते मी सांगू शकत नाही, तिनं खेळून मिळवावं लागेल. दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी उठून आलो असतो. त्यांना मी नमस्कार केला.

संध्याकाळी घरी पोचलो. नातीनं आजीला दोन्ही कोपरं दाखवली, जणू बांगड्या भरून आलीय. आजीनं हळद लावली आणि साखर-तुपाची पोळी केली. मेव्हणा जेवता जेवता पुन्हा पुन्हा तोच पास सांगत होता, दर वेळी समोरच्या पोरी एकीनं वाढत होत्या. सुनेनं सांगितलं की मॅडमना फोन करून कळवते. मी म्हटलं, फोन कुणी करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उरकली, डोक्याला रुमाल बांधला आणि पहिल्या एसटीनं जिंतूरला गेलो. मॅडम शाळेला निघायच्या गडबडीत होत्या, एका हातात डबा, एका हातात स्कुटीची किल्ली. मी दारातच त्यांना सांगितलं की नातीसाठी एक कॉलेज शोधून काढलंय, संभाजीनगरला, लय बारकाईनं बघून, आणि तुमची हरकत नसेल तर तिथंच घालावं म्हणतो. त्यांनी डबा खाली ठेवला, चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाल्या की आबा, निवड चांगली केलीत, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.